रयतेच्या झाडांचे कैवारी : रामचंद्रपंत अमात्य

राज्यकर्त्याची थोरवी त्याने काय जिंकले यावरून मोजण्याची आपली सवय आहे. किल्ले किती घेतले, शत्रू किती वेळा पिटाळला, खजिन्यात किती होन जमा झाले, यांचे हिशेब बखरींतून सापडतात. परंतु हाती सर्व सत्ता असताना आणि गरजही खरी असताना ज्याने एखाद्या वस्तूस हात लावू दिला नाही, त्याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. असा एक पुरुष मराठी राज्याच्या इतिहासात होऊन गेला. त्याने लढाऊ गलबतांसाठीसुद्धा गरीब कुणब्याच्या परसातील आंबा आणि फणस तोडू नये असे लिहून ठेवले. रामचंद्र नीळकंठ अमात्य हे त्याचे नाव. आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांनी, विशेषतः तरुण मुलामुलींनी, त्यांचे चरित्र जाणून घ्यावे अशा हेतूने ते येथे संक्षेपाने देत आहोत.

आपल्या सर्वण गावास हे चरित्र परके नाही. डिचोली महाल हा एके काळी शिवछत्रपतींच्या राज्याचा भाग होता. येथून फार दूर नसलेल्या नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ साली सुरू झाला, हे तेथील शिलालेखावरून आपणांस ठाऊक आहे. ज्या राजाने हे देवालय उभे केले, त्याच राजाच्या हाताखाली रामचंद्रपंतांनी राज्यकारभाराचे पहिले धडे घेतले. देवालय उभारणे आणि रयतेचे झाड राखणे या दोन्ही गोष्टी एकाच राज्यनीतीतून निघाल्या आहेत.

घराणे व पूर्ववय

पंतांचे घराणे मूळचे कल्याण-भिवंडीच्या बाजूचे. त्यांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या विश्वासातील कारभारी असून राज्याच्या जमाखर्चाचे काम त्यांच्याकडे होते. चुलते आबाजी सोनदेव यांचे नाव कल्याण प्रांताच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. रामचंद्रपंतांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. म्हणजे स्वराज्याची वाढ आणि पंतांचे बालपण ही दोन्ही बरोबरच झाली असे म्हणावयास हरकत नाही.

कल्याण, भिवंडी आणि पनवेल हा खाडीकाठचा मुलूख. शिवाजी महाराजांनी याच बाजूस मराठी आरमाराची पहिली गलबते बांधावयास घेतली. गलबत पाण्यावर तरंगताना मोठे देखणे दिसते. परंतु ते बांधून होईपर्यंत किती झाडे आडवी होतात हे बांधणाऱ्यासच ठाऊक. तळाचा लांब सोट, बाजूंच्या बाकदार फासळ्या, जाड फळ्या, डोलकाठी आणि सुकाणू, प्रत्येकास निराळ्या जातीचे आणि निराळ्या घडणीचे लाकूड लागते. ज्या घराण्याने कल्याण प्रांताचा कारभार पाहिला, त्या घराण्यातील मुलास लाकडाचा हा हिशेब नवा नसावा. पुढे आयुष्याच्या अखेरीस पंतांनी आरमाराविषयी जे लिहिले, त्यात जाणत्याची खूण पदोपदी दिसते.

अमात्यपद

१६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांची व्यवस्था सिद्ध झाली. त्यात अमात्यपद निळो सोनदेवांच्या घराण्याकडे राहिले. रामचंद्रपंतांचे वय त्या वेळी अवघे पंचविशीच्या आतबाहेर होते. अमात्य म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा अधिकारी. गावोगावचे उत्पन्न किती, त्यातून राज्यास काय यावे, खर्च कोठे व किती व्हावा, हे सर्व त्याच्या नजरेखालून जात असे. तलवार गाजविणाऱ्यास शत्रूचा पराभव दिसतो. जमाखर्च पाहणाऱ्यास मात्र त्या लढाईत कोणाचे पीक तुडविले गेले हेही दिसते. पंतांच्या स्वभावातील सावधपणा आणि रयतेविषयीचा कळवळा यांचे मूळ या कामात असावे.

शिवाजी महाराजांची या बाबतीतील शिस्त कडक होती. चिपळूणच्या बाजूस लष्कराची छावणी असताना, फौजेने कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, लाकूड वा भाजी बळाने आणू नये, जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, असे त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांस निक्षून लिहिले होते. उन्हाळ्यात गवत जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, हा व्यवहारही त्याच पत्रात आहे. रयतेचा मान आणि वस्तूंची जपणूक या दोन गोष्टी महाराजांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. रामचंद्रपंत या शाळेत तयार झाले.

१६८० साली महाराजांचे निधन झाले. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीतही पंत राज्याच्या सेवेत राहिले. त्या वेळी डिचोलीचा हा मुलूख मोठ्या घडामोडींचे ठिकाण बनला होता. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाने काही काळ डिचोलीस राहिला आणि १६८३ मध्ये महाराजांनी गोव्यातील पोर्तुगीजांवर स्वारी केली. परंतु मोठे संकट उत्तरेकडून येत होते.

संकटाची अठरा वर्षे

१६८९ च्या आरंभी संभाजी महाराज शत्रूच्या हाती सापडले आणि मार्च महिन्यात त्यांचा क्रूर वध झाला. त्याच वर्षी रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निसटून दक्षिणेत जिंजीस पोहोचले. महाराष्ट्रात राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही. आणि समोर हिंदुस्थानचा बादशहा स्वतः प्रचंड फौजेनिशी तळ देऊन बसलेला. अशा समयी राजाराम महाराजांनी मागे राहिलेल्या राज्याचा भार रामचंद्रपंतांवर सोपविला आणि त्यांस हुकुमतपन्हा हा किताब देऊन स्वतंत्रपणे निर्णय घेण्याचा अधिकार दिला.

पंतांनी विशाळगड हे ठाणे करून कारभार चालविला. शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्रिंबक हे त्यांचे साथी. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव हे रणांगणावरचे दोन हात. गेलेले किल्ले एकेक करून परत घेण्यात आले. जिंजीस वेढा पडला असता तिकडे मदत पाठविणे, इकडे मोगलांच्या छावण्यांस सुख लागू न देणे, आणि या सर्वांच्या जोडीस उजाड झालेल्या गावांत रयत पुन्हा वसविणे, अशी तिहेरी कामगिरी पंतांनी जवळजवळ नऊ वर्षे वाहिली. १६९८ साली राजाराम महाराज जिंजीहून परतले. १७०० साली सिंहगडावर त्यांचे निधन झाले. त्यापुढे महाराणी ताराबाईंनी राज्य सावरले आणि पंत त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७०७ साली औरंगजेब अहमदनगर येथे मरण पावला, तेव्हा हे दीर्घ युद्ध एकदाचे ओसरले.

या युद्धाने दख्खनच्या भूमीची काय दशा केली हे ध्यानात घेतल्याखेरीज पंतांच्या पुढील लिखाणाचे मर्म कळणार नाही. लाखो माणसे, घोडी, उंट, हत्ती आणि बैल यांचा बादशाही तळ जेथे पडे तेथे गवताची काडी उरत नसे. तंबूंच्या मेखा, चुली, मोर्चे आणि तोफांचे गाडे यांसाठी झाडे पडत. १७०२ ते १७०४ या काळात दुष्काळ आणि साथीचा रोग यांनी माणसांचा मोठा संहार केला. निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने तर अशी नोंद केली आहे की, बादशहा मागे जो प्रदेश सोडून गेला, त्यात झाडे नव्हती, पिके नव्हती, माणसांची आणि जनावरांची हाडे तेवढी पसरलेली होती. हाडांच्या बरोबरीने झाडांच्या अभावाचा उल्लेख त्यास करावासा वाटला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शेत एका पावसात पुन्हा हिरवे होते. आंब्याची राई तशी होत नाही.

रामचंद्रपंतांनी ही अठरा वर्षे डोळ्यांनी पाहिली. परागंदा झालेल्या कुणब्यास परत आणावयाचे तर त्याला बी, बैल आणि कौल देता येतो. परंतु त्याच्या आजोबांनी लावलेले झाड कोणता राजा परत देणार? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही खजिन्यात नव्हते.

उत्तरायुष्य आणि आज्ञापत्र

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज सुटून आले आणि मराठी राज्यात दोन गाद्या झाल्या. पंत कोल्हापूरच्या बाजूस राहिले. १७१४ साली तेथेही सत्तांतर झाले. ताराबाईंच्या हातून कारभार जाऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी हे गादीवर आले. या घडामोडीत पंतांचा हात होता असे इतिहासकार मानतात. त्यांच्या या राजकारणाविषयी मतभेद असू शकतील. परंतु शिवाजी, संभाजी, राजाराम, ताराबाईंचे पुत्र शिवाजी आणि कोल्हापूरचे संभाजी अशा पाच छत्रपतींच्या काळात ज्याने राज्याची चाकरी केली, असा अनुभवी पुरुष त्या वेळी दुसरा क्वचितच होता.

हा अनुभव वाया जाऊ नये म्हणून पंतांनी १७१५ साली, वयाच्या पासष्टीच्या सुमारास, तरुण संभाजी महाराजांच्या नावे राज्यनीतीवर एक प्रबंध सिद्ध केला. तोच आज्ञापत्र या नावाने प्रसिद्ध आहे. राजाने कसे वागावे, प्रधान कसा असावा, सावकारांस का सांभाळावे, समुद्रापलीकडून आलेल्या टोपीकरांपासून किती सावध राहावे, वतने कशी चालवावी, गड आणि आरमार कसे राखावे, असे विषय त्यात क्रमाने आले आहेत. पुष्कळ ठिकाणी यातील झाडांविषयीचा मजकूर शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून छापला जातो. वस्तुतः तो मजकूर या आज्ञापत्रातील असून लेखणी अमात्यांची आहे. मात्र ज्या नीतीचा तो सारांश आहे, ती नीती शिवकाळातच घडली होती, यात संशय नाही.

पाणी, झाडी आणि केर

गडाविषयी लिहिताना पंत प्रथम पाण्याकडे वळतात. आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा, हा त्यांचा पहिला नियम. एखादी जागा अगत्याची असून तेथे पाणी नसेल, तर खडक फोडून पुढच्या पावसाळ्यापर्यंत साऱ्या गडास पुरेल अशी टाकी आधी तयार करावी. गडावर झरा आहे, म्हणून निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि त्याच वेळी पाण्याचा खर्च मात्र वाढतो, असे ते बजावतात. यास्तव दोन-चार टाकी राखीव म्हणून भरून ठेवावी आणि त्यांतील पाणी एरवी खर्चूच नये. आज जे हाती आहे ते उद्याही तसेच राहील असे गृहीत धरू नये, हे या नियमाचे सार होय.

झाडांविषयीचा त्यांचा नियम याहूनही मनोरम आहे. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे मोठे वृक्ष. लिंबू आणि नारिंग यांसारखी लहान झाडे. फुलझाडे आणि वेली. किंबहुना उपयोगाचे असो वा नसो, जे झाड गडावर जीव धरील ते लावावे व जतन करावे, असे ते सांगतात. आज ज्याचा उपयोग दिसत नाही ते उद्या निदान लाकडाच्या कामी येईल, एवढे त्याचे कारण देतात. गडाच्या कड्याखालील दाट झाडी ही तर गडाची राखणच. तीतील एक काठीसुद्धा तोडू देऊ नये, असा त्यांचा दंडक आहे.

केरकचऱ्यासारख्या क्षुद्र वाटणाऱ्या विषयाकडेही त्यांचे लक्ष होते. गडावरील वाटा, बाजार आणि तट स्वच्छ झाडावे. झाडलेला केर गडाखाली लोटून देऊ नये. तो जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा. आपला कचरा दुसऱ्याच्या माथी न मारता आपल्याच मातीस परत देण्याचा हा विचार तीनशे वर्षांपूर्वीचा आहे, हे वाचून नवल वाटते.

आरमार आणि रयतेचे झाड

आता आज्ञापत्रातील त्या प्रसिद्ध स्थळाकडे वळू. आरमारास मोठाले लाकूड लागते हे पंत प्रथम मोकळेपणाने मान्य करतात. गरज खोटी आहे असे ते म्हणत नाहीत. समुद्रावर पोर्तुगीज होते, इंग्रज होते, जंजिऱ्याचा सिद्दी होता; गलबतांवाचून कोकणची किनारपट्टी राहणे शक्य नव्हते. म्हणून राज्यातील अरण्यांत जे सागवानादी वृक्ष आहेत, त्यांतून सोयीचे तेवढे सरकारातून परवानगी घेऊन तोडावे. त्याने भागले नाही तर परमुलखातून लाकूड विकत आणावे.

यानंतर ते आंब्याफणसांकडे येतात. हेही लाकूड गलबताच्या कामास चांगले. परंतु त्यास हात लावू देऊ नये. याची कारणे त्यांनी एकामागून एक मांडली आहेत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावली आणि पोटच्या पोरांसारखी दीर्घकाळ सांभाळून मोठी केली. ती तोडली तर त्या माणसांच्या दुःखास सीमा राहणार नाही. दुसऱ्यास रडवून केलेले काम, ते करणाऱ्यासह, थोड्याच काळात लयास जाते. प्रजेस पीडा दिल्याचा दोष शेवटी राजाच्या पदरी पडतो. आणि झाडे नाहीशी झाल्याने जी हानी होते ती वेगळीच. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर त्याच्या मालकास समजावून, पैसा देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे. बळजबरी मात्र कदापि करू नये.

या नियमाचे महत्त्व आपल्यासारख्या कोकण-गोव्याच्या लोकांस अधिक कळेल. घराच्या मागचा फणस हा केवळ वृक्ष नसतो. उन्हाळ्यात त्याचे गरे, कच्चेपणी त्याची भाजी, आणि पावसाळ्यात मासळी-भाजी दुर्मिळ झाली की साठविलेल्या आठळ्या. रायवळ आंब्याचे लोणचे, साठे आणि खारवलेल्या कैऱ्या. पाचोळ्याचे खत आणि गुरांस सावली, असे वर्षभराचे अन्न त्या दोन झाडांवर टांगलेले असते. बाठा रुजवून वाढविलेला आंबा फळावर यावयास आठ-दहा वर्षे घेतो आणि मग शंभर वर्षे देत राहतो. लावणारा एक, वाढविणारा दुसरा आणि खाणारा तिसरा, अशा तीन पिढ्यांचा तो सामाईक ठेवा असतो. असे झाड एका सकाळी कुऱ्हाडीने पडले, तर त्याची भरपाई देताना किंमत कोणाच्या हाती ठेवावी? लावणारा केव्हाच गेलेला आणि खाणारा अजून जन्मास यावयाचा. म्हणून पंतांनी मालकाच्या संतोषाची अट घालताना तीही केवळ जीर्ण झाडापुरतीच ठेवली. फळते झाड पैशानेही विकत घ्यावे असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

पंतांस आजच्या अर्थाने निसर्गशास्त्रज्ञ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. गडाची झाडी त्यांना शत्रूपासून आडोसा म्हणून हवी होती आणि अरण्यातील सागवान तोडण्यास त्यांची हरकत नव्हती. परंतु गरज कितीही खरी असली तरी तिला एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा सत्ताधाऱ्याने स्वतःच स्वतःस घालून घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखले. याच गोष्टीत त्यांचे वेगळेपण आहे.

त्या काळचे जग

हा लेख ज्या काळात लिहिला गेला, त्याच काळात जगाच्या इतर भागांतही लाकडाचा प्रश्न राज्यकर्त्यांस भेडसावीत होता. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६९ साली अरण्यांविषयी मोठा कायदा केला. त्याने सरकारी वने सुधारली खरी. पण खाजगी जमिनीवरील चांगल्या ओक वृक्षांवरही आरमाराचा हक्क प्रथम ठरविला. जर्मनीतील सॅक्सनी संस्थानात फ्रायबर्ग येथील खाणींचा अधिकारी हान्स कार्ल फोन कार्लोविट्झ याने १७१३ साली, म्हणजे आज्ञापत्राच्या अवघी दोन वर्षे आधी, वनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. धातू गाळण्याच्या भट्ट्यांनी आसपासची राने खाऊन टाकलेली पाहून, जेवढे पुन्हा उगवेल तेवढेच तोडावे, हे तत्त्व त्याने मांडले. शाश्वत विकास या नावाने आज जगभर ज्याची चर्चा होते, त्या कल्पनेचा उगम पुष्कळ अभ्यासक या ग्रंथात पाहतात. कार्लोविट्झने वनाच्या वाढीचा हिशेब मांडला. आपल्या अमात्यांनी झाड वाढविणाऱ्याच्या मनाचा हिशेब त्यात घातला. दोघांचे मिळून जे होते ते पूर्ण शास्त्र म्हणता येईल.

ही मर्यादा न पाळल्यास काय होते याची उदाहरणेही दूरची नाहीत. १७३० साली मारवाडात जोधपूरच्या राजवाड्यासाठी चुन्याच्या भट्टीस लाकूड हवे म्हणून खेजडली गावची खेजडीची झाडे तोडावयास माणसे आली. अमृतादेवी या बिश्नोई स्त्रीने झाडास मिठी मारून प्राण दिला आणि तिच्यामागून एकंदर ३६३ स्त्रीपुरुष कापले गेले. १८०६ साली मलबारात ईस्ट इंडिया कंपनीने वॉटसन नावाच्या अधिकाऱ्यास वनसंरक्षक नेमले. जहाजांच्या सागवानावर कंपनीचा हक्क पुकारला गेला आणि स्वतःच्या जमिनीतील झाडही मालकास तोडता येईना. लोकांचा असंतोष इतका वाढला की १८२३ साली ते पदच रद्द करावे लागले. अमात्यांनी शंभर वर्षांपूर्वी जे बजावले होते ते असे खरे ठरले.

आपला डिचोली महाल

डिचोलीचा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेला आणि विसाव्या शतकात येथील डोंगरांस लोहखनिजाने वेगळेच महत्त्व आले. गलबताच्या लाकडाची जागा खनिजाने घेतली. पण प्रश्न तोच राहिला. आपल्या डोंगरांवरील जांभा दगड सच्छिद्र असतो. चार महिन्यांचा पाऊस त्यात मुरतो, खालच्या थरांत साठतो आणि पायथ्याशी झरी, तळी व विहिरी यांच्या रूपाने वर्षभर बाहेर येतो. डोंगर म्हणजे पंतांनी सांगितलेले राखीव टाकेच म्हणावयाचे, मात्र माणसाने न खोदलेले. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला आणि आतले पाणी उपसू लागले की आसपासच्या विहिरी कोरड्या पडतात आणि पावसात वाहून आलेला तांबडा गाळ शेतांत व ओहोळांत बसतो. शिरगावसारख्या गावांनी हे भोगले आहे. त्याचबरोबर खाणीवर हजारो कुटुंबांची चूल पेटली आहे, ट्रकवर आणि बार्जीवर मुलांची शिक्षणे झाली आहेत, हेही तितकेच खरे. आपल्याच सभासदांच्या घरांत दोन्ही बाजूंचे अनुभव आहेत.

२०१२ साली खाणी बंद पडल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना गोव्यातील उत्खननास वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावी असे सांगितले. २०१८ साली नूतनीकरण केलेले ८८ पट्टे रद्द झाले. पुढे लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा काम सुरू झाले. न्यायालयाने पुढील पिढ्यांचा वाटा काढून ठेवण्यास सांगितले, हा अमात्यांचाच न्याय नव्या भाषेत आला असे म्हणता येईल. फरक इतकाच की आंबा पुन्हा लावता येतो, शंभर वर्षांनी का होईना पुन्हा फळतो. काढून नेलेला डोंगर पुन्हा उगवत नाही. म्हणून येथे अधिक सावधपणा हवा.

अखेर

आज्ञापत्र सिद्ध झाल्यानंतर काही महिन्यांतच, १७१६ च्या आरंभी, रामचंद्रपंतांचे पन्हाळ्यावर निधन झाले. तेथे त्यांची समाधी आहे. गगनबावड्याच्या जहागिरीवरून त्यांचे घराणे पुढे बावडेकर या नावाने ओळखले गेले. पंतांनी राखलेल्या किल्ल्यांपैकी बहुतेक आज पडक्या भिंती होऊन उभे आहेत, आणि आरमाराची गलबते तर केव्हाच नामशेष झाली. टिकले ते लिहून ठेवलेले शब्द आणि कोकणच्या परसांतून उभे असलेले आंबे-फणस.

सभासद बंधुभगिनींनो, राज्ये चालविण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. परंतु देवस्थानाची, वाड्याची आणि कुळागराची आहे. गोव्यातील अनेक गावांत शिमग्यास होळी म्हणून आंब्याचे वा पोफळीचे सरळसोट खोड वाजतगाजत आणून उभे करण्याची परंपरा आहे. सभामंडप वाढविताना, वाट रुंद करताना, गाड्यांस जागा करताना देवळाच्या आवारातील जुने झाड आड येते. अशा वेळी कुऱ्हाड उचलण्यापूर्वी अमात्यांची रीत आठवावी. हे झाड खरोखर जीर्ण झाले आहे काय? दुसरीकडून सोय होणार नाही काय? ज्याने ते वाढविले त्याच्या घरचे लोक संतोषाने देत आहेत, की केवळ देवाच्या नावाच्या भिडेने गप्प आहेत? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे मिळाली तर पुष्कळ झाडे वाचतील. होळीचे खोड दरवर्षी नवे आणण्याऐवजी, ते आणावयाचेच असेल तर त्याआधी काही वर्षे त्यासाठी झाडे लावून ठेवणे, देवळाच्या तळीतील गाळ पावसाआधी काढणे आणि निर्माल्य ओहोळात न टाकता त्याचे खत करणे, ही कामे आपल्या आवाक्यातील आहेत.

देवाच्या कार्यासाठीसुद्धा कोणास दुःख देऊ नये, हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. राज्य वाचविण्याच्या कार्यासाठीसुद्धा तो मोडू नये, असे सांगण्याचे धैर्य एका वृद्ध अमात्याने दाखविले. येत्या पावसाळ्यात प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या परसात एक फणस वा रायवळ आंबा, स्वतःसाठी नव्हे तर नातवंडांसाठी, लावला तर पंतांच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन दुसरे होणार नाही.